रिकाम्या सीटवरची देवी

रविवारी सकाळी नऊ वाजता सोनखारीच्या जुन्या मिठागरावर पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे मीठ पिकायचं बंद होऊन बारा वर्षं झाली. एरवी त्या पांढरट मैदानात पोरं क्रिकेट खेळतात, नाहीतर गावातले डंपर उभे असतात. आज मात्र डंपर, टेम्पो, इको आणि नव्याकोऱ्या मोटारी यांच्या तीन रांगा लागल्या होत्या. प्रत्येक बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि सगळी गर्दी मधल्या एका पांढऱ्या गाडीभोवती माना उंच करून उभी होती.

गाडी गावातल्या रितेशची होती. स्टिअरिंगवर तो एकटाच बसला होता. शेजारच्या सीटवर माणूस नव्हता, लाल कापडात गुंडाळलेला कलश होता. खाडीच्या पाण्याने भरलेला, तोंड मेणाने बंद केलेला, चांगला जाडजूड पितळी कलश आणि त्याला टेकवलेले पाच नारळ.

"घे बाळा, गाडी पुढे घे," कवचनाथ महाराज माइकवर म्हणाले.

रितेशने गाडी चार हात पुढे घेतली आणि गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

"ऐका!" महाराजांनी हात वर केला. "त्या सीटवर माणूस कोण आहे?"

"कोन न्हाय!" गर्दी ओरडली.

"मग गाडी कुणासाठी बोलते?"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोक्यावरचा पदर सावरला.

"तुमचे डोळे मातीचे आहेत, माउल्यांनो. गाडीचे डोळे यंत्राचे. तुम्हाला जे दिसत नाही ते तिला दिसतं. परदेशात मोठमोठ्या इंजिनियरांनी डोकी खाजवली, त्यांना पत्ता लागला नाही. देवी बसली आहे त्या सीटवर! विश्वास नसेल तर स्टिअरिंगच्या मागे बघा. लाल दिवा लागलाय. दिव्यात बसलेली मूर्ती आहे आणि मूर्तीच्या खांद्यावरून शालू आलाय. दिसला का शालू?"

दिसला. खिडकीतून डोकावलेल्या प्रत्येकाला शालू दिसला. पट्टा लावून बसलेल्या माणसाचं ते चित्र गाडी बनवणारे प्रत्येक गाडीत घालतात, पण त्या दिवशी तो शालूच होता.

मग महाराजांनी शेंदूर माखलेल्या कापडातून काहीतरी काढलं, सीटच्या कडेला फुलांची ओंजळ वाहिली आणि फुलांतच हात खुपसला. खट् असा आवाज झाला. टिंगटिंग थांबली, लाल दिवा विझला.

"कडी बसली! देवीने गाडी पदरात घेतली. आता या गाडीला अपघात नाही. शंभर टक्के हमी. लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो."

लेखी कुणी मागितलं नाही. मागणार कोण? मागणं म्हणजे अविश्वास.

"आणि एक कानमंत्र," महाराज आवाज खाली आणून म्हणाले. "माणसाला बांधून कधी नेतात? सांगा. एकदाच नेतात. तिरडीवर. मग जित्या माणसाने स्वतःला पट्ट्याने बांधून घ्यावं का? हल्ली तर लेकरांच्या खुर्च्या निघाल्यात, पाच पाच पट्ट्यांच्या. अरे, लेकरू आहे का प्रेत आहे?"

गर्दीतून हळहळ उठली. हे बोलणं कडीपेक्षा खोल गेलं, आणि ते कुठे गेलं हे मागे उभ्या असलेल्या दिनानाथला लगेच कळलं. त्याची बायको सत्यवती पुढच्या रांगेत होती आणि तिच्या कडेवर त्यांची नात होती, चार वर्षांची प्राप्ती.

दिनानाथने एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली होती. पेण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, सगळे रस्ते त्याला पाठ. माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. कुणी मूर्खपणा केला की त्याला गप्प राहवत नसे, आणि त्यामुळे गावात त्याचं फारसं कुणाशी जमत नसे. त्या दिवशी तो गप्प बसला याचं एकच कारण होतं. रिकाम्या सीटसाठी गाडी का वाजली हे त्याचं त्यालाच अजून नीट उमगलं नव्हतं.

त्याला एक गोष्ट मात्र हसवत होती आणि रडवतही होती. या तीन रांगांतल्या जवळजवळ प्रत्येक मोटारवाल्याने पट्टा पाठीमागून नेऊन खाचेत अडकवलेला होता आणि त्याच्यावर बसूनच तो इथे आला होता. गाडीचं वाजणं कशाने थांबतं हे त्यांच्या बुडाखालीच होतं. तरी हात जोडून उभे.

घरी येऊन बघतो तर प्राप्तीची खुर्ची मुलाच्या गाडीतून गायब. ही खुर्ची दिनानाथने निवृत्तीनंतर स्वतः पनवेलला जाऊन आणली होती. मागच्या सीटवर ती कशी बसवायची, गाडीचा पट्टा तिच्यातून कसा ओवायचा, गुडघ्याने दाबून तो कसा ताणायचा, हे दुकानदाराकडून तीनदा करून घेतलं होतं. आता ती पडवीच्या कोपऱ्यात होती, तिच्यात गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर खुडूक कोंबडी बसली होती.

"ही इथं कोनी ठेवली?"

"मी ठेवली," सत्यवती म्हणाली. "माज्या नातीला मी तिरडीवानी बांधून नेऊ द्यायची न्हाय."

"आनि कोंबडीला चालते व्हय?"

"कोंबडीला कोन बांधतंय?"

दिनानाथने मुलाकडे बघितलं. अल्पेश डंपरचा धंदा करायचा, डोकं शांत, पण आईपुढे शब्द नाही. त्याच्या गाडीतही आज कलश बसला होता. आठ दिवस कलश बसू द्यायचा, मग पुढच्या रविवारी महाराज कडी घालणार.

"बाबा, एक सांग," अल्पेश म्हणाला. "म्हाराज शंभर टक्के हमी देतान. तुज्या खुर्चीची हमी हाय का? ठोकली गाडी तर प्राप्तीला कायपन व्हनार न्हाय, असं तू छातीवर हात ठेवून बोलशील?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण दिनानाथला ते जमलं नाही.

"न्हाय बोलनार. पट्टा पिळलेला असला तर तो काम करनार न्हाय. खुर्ची ढिली बसवली तर उडेल. एकदा जोरात ठोकलेल्या गाडीतला पट्टा ताणलेला असतो, तो बदलायला लागतो. खुर्ची पन तशीच. आनि समोरून भरलेला ट्रेलर अंगावर आला तर कायच कामाचं न्हाय. पन बाकी दहातल्या आठ येला पोर खरचटून बाहेर येते, आनि मांडीवरची येत न्हाय. मी बघितलंय. कर्नाळ्याच्या खिंडीत बघितलंय."

"म्हंजे हमी न्हाय."

"हमी न्हाय. पन दम हाय."

"मंग म्हाराजांचं बरं," सत्यवती आतून म्हणाली. "ते तरी नीट बोलतान."

हे वाक्य दिनानाथला लागलं. नीट बोलणारा खोटा आणि खरं बोलणारा अडखळतो, हा कुठला न्याय असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

बुधवारी अल्पेशची गाडी दारात होती. दिनानाथने किल्ली घेतली, स्वतःचा पट्टा लावला आणि गाडी अंगणातच पुढे-मागे केली. टिंग, टिंग. त्याने कलश उचलला. तो चांगला आठ-नऊ किलोचा होता, दोन हातांनी उचलावा लागला. गाडी गप्प झाली. मग त्याने घरातून तांदळाची दहा किलोची पिशवी आणून त्याच सीटवर ठेवली. टिंग, टिंग, टिंग. लाल दिव्यात शालूवाली मूर्ती पुन्हा हजर.

"आयला," दिनानाथ मोठ्याने म्हणाला, "देवी भात झाली!"

कोडं सुटलं होतं. सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी चकती असते. वजन आलं की गाडी समजते, माणूस बसला. पट्टा लावला नाही तर वाजते. कलश कोण आहे आणि तांदूळ कोण आहे हे तिला काय कळणार! महाराज आधी वजन ठेवून गाडीला रडवत होते आणि मग तेच तिचं तोंड बंद करत होते. उरली फक्त कडी. तिच्यासाठी तो दुपारच्या एसटीने पेणेला गेला.

गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याने पट्ट्याच्या टोकाला असते तशी नुसती लोखंडी पात मागितली, पट्ट्याशिवाय. दुकानदाराने काउंटरखाली हात घातला.

"उघड विकत नाय काका, पोलिस बोंबलतात. पण पायजे तर आहे. वडापावच्या भावात." आणि हसून म्हणाला, "सोनखारीचे का? तुमच्या म्हाराजाने मागच्या महिन्यात अख्खा खोका उचलला."

"तू वलखतोस म्हाराजाला?"

"भागोजीला कोन वलखत नाय? सीट कव्हरं शिवायचा इथं. हात लई साफ होता. कव्हरात पट्ट्याची खाच शिवून टाकायचा, लोकांच्या शिव्या खायचा. एक दिवस पळाला. आता बघा, गळ्यात माळ."

दिनानाथने ती पात घरी आणली, तिच्या भोकातून सुतळी ओवली आणि रविवारपर्यंत पडवीतल्या खिळ्याला टांगून ठेवली. येता-जाता तो तिच्याकडे बघून हसायचा. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत तो फार खूश होता.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. बातमी मुरुडपर्यंत गेली होती. अल्पेशच्या गाडीचा नंबर आला, गाडी वाजली, महाराजांनी कडी घातली, गाडी थांबली. गावचे जुने पंच अंबाजी "देवीचा विजय असो" म्हणून ओरडायला तोंड उघडतात तोच दिनानाथ पुढे आला.

"म्हाराज, जरा थांबा. देवीला इचारू, ती खरंच बसलीय का."

"कोण हा?"

"आमचा दिनानाथ," अंबाजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "एसटीवाला."

दिनानाथने कलश उचलून अंबाजींच्या हातात दिला आणि सीटवर तांदळाची पिशवी ठेवली. मग महाराजांनी फुलांत दडवलेली कडी तो ओढायला गेला, पण घाईत नुसताच ओढत राहिला आणि ती निघेना. महाराज हसले.

"देवीची कडी आहे. मर्त्य माणसाच्या हाताने निघायची नाही."

तेवढ्यात प्राप्ती आजीच्या कडेवरून घसरली आणि गाडीत चढली. "आजोबा, असं न्हाय. लाल बटन दाबायचं." तिने फुलं बाजूला केली आणि अंगठ्याने बटण दाबलं, खुर्चीतून स्वतःला सोडवताना दाबायची तसंच. कडी टुणकन बाहेर आली. अल्पेशने गाडी दोन हात पुढे घेतली. टिंग, टिंग, टिंग.

मग कुणीतरी मागून ओरडलं, "देवी तांदलात शिरली रे!" आणि मिठागर हसण्याने हादरलं. दिनानाथने खिशातून सुतळी लावलेली आपली पात काढली, सगळ्यांना दाखवली, खाचेत घातली. गाडी गप्प. काढली, गाडी वाजली. गाडीचाच पट्टा पिशवीवरून ओढून लावला, गाडी गप्प.

"हीच कडी! शेंदूर पुसा, बघा. पेणेला मिलते, कुनालापन मिलते, वडापावच्या भावात. तुमी वड्याला देव समजून नाचताव!"

महाराजांनी डोळे मिटले, मौन धारण केल्याची खूण केली आणि मौनातच जीपमध्ये जाऊन बसले. महाराजांचा मंडप दुपारपर्यंत उतरला. दिनानाथने आपली पात घरी नेऊन पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. लोकांनी दिनानाथच्या पाठीवर थापा मारल्या. रितेशने प्राप्तीला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. गोष्ट इथेच संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालता आली असती.

दोन आठवड्यांनी दिनानाथ पेणेला गेला तेव्हा तोच दुकानदार त्याला चहा पाजायला लागला.

"काका, तुमचे उपकार. सोनखारी, खाडीकाठचं आपलं वाशी, दादर, सगळीकडून पोरं येतात. म्हनतात, म्हाराजाचं ढोंग कशाला, दिनानाथकाकांनी पत्ता दिलाय."

दिनानाथने कप तसाच खाली ठेवला. त्याने गावात येऊन दारोदार गाड्यांत डोकावून बघितलं. जवळजवळ प्रत्येक खाचेत ती पात होती. आधी लोक पाठीमागून का होईना, पट्टा ओढत तरी होते. आता तेवढीही कटकट राहिली नव्हती.

"अरे, ती कडी खोटी व्हती म्हनून मी बोंबललो ना?" त्याने रितेशला विचारलं.

"म्हाराज खोटा व्हता, काका. कडी खरी हाय. आवाज तर थांबतो ना?"

दिनानाथ म्हणाला, "आवाज तुज्यासाठी व्हता रे." रितेश हसला आणि त्याने काच वर केली.

प्राप्तीची खुर्ची मात्र परत गाडीत आली होती. कोंबडी हाकलून, धुऊन, वाळवून दिनानाथने ती स्वतः बसवली. पट्टा ताणल्यावर खुर्ची हलत नाही ना हे तो रोज सकाळी हलवून बघायचा. प्राप्तीच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली त्याचं एक बोट जेमतेम जायचं, तेवढाच सैल ठेवायचा. असे एकोणीस दिवस गेले. सत्यवती गाडीत बसताना त्या पट्ट्यांकडे बघायची आणि तोंड फिरवायची. महाराज ढोंगी होता हे तिने मान्य केलं होतं. पण बांधून फक्त मेलेल्यालाच नेतात, हे तर तिच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. ते कसं खोटं असेल?

चतुर्थीला पालीला जायचं ठरलं. बल्लाळेश्वराला सून कल्पिताचा नवस होता. गाडीत अल्पेश, सत्यवती, कल्पिता आणि प्राप्ती. दिनानाथ म्हणाला, मी येत नाही, म्हणजे खुर्चीला मागे ऐसपैस जागा मिळेल. त्याने खुर्ची हलवून बघितली, नातीची पापी घेतली आणि खाडीच्या बंधाऱ्याला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, बघायला गेला.

दहा वाजता परत आला तर खुर्ची ओट्यावर.

ती तिथे नीट ठेवलेली होती, पट्टे आत दुमडून, ऊन लागू नये म्हणून सावलीत. त्याने कल्पिताला फोन लावला.

"बाबा, तुमी गेल्यावर माजे आयबाबा आले, त्यांना पन दर्शनाला यायचं व्हतं. मागं तिघं बसलोय, खुर्चीला जागाच राहिली न्हाय. काळजी करू नका. प्राप्ती पुढं सासूबाईंच्या मांडीवर हाय. अल्पेश सावकाश चालवतोय, चाळीसच्या वर न्हाय."

"तिला मागं घे, कल्पिता. तुज्याजवल घे. पुढं नको. आनि तुजा पट्टा—"

"वाकन फाटा गेला, बाबा. आता पंधरा मिनिटांत पालीला पोचू."

फोन ठेवून दिनानाथ ओट्यावर खुर्चीशेजारी बसला. चाळीस. लोकांना चाळीस म्हणजे काहीच वाटत नाही. पण चाळीसच्या वेगातली गाडी एकाएकी थांबली तर चौदा किलोची पोर मांडीवरून दीड-दोनशे किलोच्या जोराने सुटते. पैलवानाच्या हातून सुटेल, तिथे साठीच्या बाईच्या हातांचं काय? हे त्याने एसटीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि कर्नाळ्याच्या खिंडीत बघितलं होतं. तो देवाला मानत नसे, पण त्या वेळी त्याने कुणाकडेतरी पंधरा मिनिटं मागितली.

अकरा मिनिटांनी फोन वाजला.

पुढचा टेम्पो बैल आडवा आला म्हणून थांबला, अल्पेशने ब्रेक मारला, तरी गाडी जाऊन धडकली. एवढंच. गाडीचं पुढचं तोंड चेपलं, काच फुटली नाही. समोरची हवेची पिशवी फुगली. ती मोठ्या माणसासाठी असते, आणि पट्टा लावलेल्या माणसासाठी. सत्यवतीचा हात मोडला. अल्पेशच्या दोन बरगड्या गेल्या. मागच्यांना मुका मार. प्राप्ती आजी आणि ती पिशवी यांच्या मधे होती. ती जागच्या जागी गेली.

चार दिवसांनी दिनानाथ पोलिस ठाण्याच्या आवारात उभी केलेली गाडी बघायला गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डावीकडचा पट्टा दाराच्या खांबाशी गुंडाळलेला, नवा कोरा, त्याला घडीसुद्धा पडलेली नव्हती. खाचेत पात होती. तिच्या भोकातून सुतळी ओवलेली होती.

घरी पडवीतला खिळा रिकामा होता. तो रोज त्याच्या समोरून जात होता आणि एकदाही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दिनानाथ त्या आवारात खाली बसला आणि मोठ्याने रडला. हवालदाराने पाणी आणून दिलं.

तेराव्याला अंबाजी आले. टोपी हातात घेऊन बसले.

"दिनानाथ, वाईट वाटून घेऊ नको. पन गाव बोलतंय. देवीची कडी पोरीच्याच हातानं काढलीस तू. तिनंच बटन दाबलं. देवीनं बटन दाबनारीलाच नेली."

"अंबाजीभाऊ, ती पट्ट्यात न्हवती."

"पट्ट्याची हमी न्हाय असं तूच बोलला व्हतास ना?"

आतून सत्यवती ऐकत होती. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "मी घट धरली व्हती," ती रोज एवढंच म्हणायची. "दोनी हातांनी घट धरली व्हती." आज ती पुढे म्हणाली, "कडी काढायला नको व्हती." दिनानाथला तिला सांगायचं होतं की दोन हात पुरत नाहीत, कुणाचेच पुरत नाहीत. पण ते सांगणं म्हणजे तिला पुन्हा मारणं होतं. एकतीस वर्षांत कुणापुढे न थांबलेलं त्याचं तोंड तिच्यापुढे बंद झालं. अल्पेश तर त्याच्याशी बोलतच नव्हता.

बोलली फक्त कल्पिता. एका दुपारी ओट्यावर येऊन त्या खुर्चीकडे बघत तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. हिच्यात असती तर वाचली असती?"

पुन्हा तोच प्रश्न. हमी. या वेळी तरी खोटं बोलावं, म्हणावं नाही गं, तिची वेळच भरली होती. सगळा गाव तेच म्हणत होता आणि त्याने तिला झोप लागली असती.

"बहुतेक वाचली असती," दिनानाथ म्हणाला. "चाळीसच व्हता वेग. बहुतेक खरचटलं पन नसतं."

कल्पिता उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली.

महाराज परतले. मंडप आता मोठा आहे, त्यांच्या बॅनरवर "इशारा न ऐकणाऱ्यांची गत" असं लिहिलंय, आणि खाली प्राप्तीचा फोटो आहे. तो कुणी दिला हे दिनानाथने विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दिनानाथ मिठागराच्या वाटेवर, जिथे गाड्या वळताना हळू होतात तिथे, खुर्ची घेऊन उभा राहिला. खुर्ची त्याने कठड्यावर ठेवली होती. प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून तो तेच सांगत होता.

"ऐका माजं. मी हमी देत न्हाय. हमी देनारा खोटा असतो, एवढं समजा. सीटवर तांदूल ठेवा, गाडी वाजेल. देवी न्हाय, वजन हाय. खाचेतली ती पात काढून खाडीत टाका. स्वतःला बांधा, पोरांना मागं बांधा, घट बांधा, रोज हलवून बघा. मेलेल्याला बांधतान, कारन त्याला स्वतःला धरता येत न्हाय. पोराला पन येत न्हाय. माजं ऐकू नका, म्हाराजाचं पन ऐकू नका, तुमी स्वतः करून बघा."

रितेशची गाडी हळू झाली. पुढच्या सीटवर त्याची बायको शिवानी होती आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. तिने खुर्चीकडे बघितलं, मग दिनानाथकडे. तिचा हात काच खाली करायच्या बटणाकडे गेला.

"नको," रितेश पुढे बघत म्हणाला. "त्या मेलेल्या पोरीची हाय ती."

गाडी गेली. तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. दिनानाथने त्या सकाळी त्रेसष्ट गाड्या मोजल्या. जवळजवळ प्रत्येक गाडीत पुढे कुणीतरी बसलेलं होतं, कितीतरी मांड्यांवर पोरं होती, आणि एकाच्याही अंगावर पट्टा नव्हता. तो कान देऊन ऐकत होता. त्रेसष्टातली एकही गाडी वाजत नव्हती.